ब्रेकच तुटला तर?

प्रश्न : खाणीत पिंजरा खालीवर नेणाऱ्या वाइंडरला आपोआप थांबवणारी यंत्रणा असते, तरी अपघात कसे होतात?

उत्तर : दोर गुंडाळणाऱ्या ड्रमला जोडलेला कंट्रोलर पिंजऱ्याची खोली आणि वेग सतत ताडून पाहतो. तळ जवळ आला आणि वेग उतरला नाही, तर तो मोटरची वीज तोडून ब्रेक लावतो. पिंजरा मर्यादेपेक्षा वर ओढला गेलाच, तर डिटॅचिंग हुक दोर सोडतो आणि पिंजऱ्याला तिथेच अडकवतो. पण खाली जाणाऱ्या पिंजऱ्याला या हुकाचा उपयोग नाही. त्याचा सगळा भरवसा ब्रेकवर.

इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या मार्कहम कोळसा खाणीत ३० जुलै १९७३ रोजी हा भरवसाच तुटला. ब्रेकच्या स्प्रिंगांमधून जाणारा पोलादी दांडा वारंवारच्या ताणाने चिरत गेला होता; तो मोडला. चालकाने आपत्कालीन बटण दाबले, तर मोटरची वीज गेली आणि तिच्यामुळे मिळणारे विद्युत ब्रेकिंगही संपले. पिंजरा तळावर आदळला. १८ कामगार गेले.

म्हणून माझ्या मते कंट्रोलर कितीही हुशार असो, आधी विचारावे : ब्रेकचा एकच भाग मोडला तर दुसरा काही भार पेलतो का? आणि त्या दांड्याची अल्ट्रासॉनिक तपासणी शेवटची कधी झाली?