किनाऱ्याची वाट व तिथीचा हिशेब

(इयत्ता पाचवी ते सातवी : भूगोल)

डोंगरातील पायवाट काल जेथे होती तेथेच आज सापडते. समुद्रकाठच्या वाटेचे तसे नाही. सकाळी ज्या पुळणीवरून मुले चालत गेली, तीच दुपारी पाण्याखाली असते. म्हणून किनाऱ्याने दूरवर पायी जाणाऱ्याने व वाटेत उघड्यावर मुक्काम करणाऱ्याने घड्याळाआधी तिथी पाहावयास शिकले पाहिजे.

साहित्य : तिथी असलेली दिनदर्शिका, जिल्ह्याचा नकाशा, दोरी, खडू.

१. भरतीची वेळ. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे भरती दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. कोकणातील जुना ठोकताळा असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीस ४ × ३/४ = ३; म्हणजे पहाटे व दुपारी तीन वाजता भरती, आणि सकाळी व रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. शुद्ध व वद्य दोन्ही पक्षांस हा हिशेब लागू पडतो. मात्र तो स्थूल आहे. तासाभराचा फरक पडू शकतो. प्रत्यक्ष निघण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकाशी वेळ ताडून पाहावी.

२. पाणी चढण्याची गती. चढाचे बारा भाग कल्पिले, तर सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढते. फळ्यावर पायऱ्या काढून हे दाखवावे. पहिल्या तासात पाणी जागचे हललेले दिसत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र निम्मा चढ होतो. चालणारा फसतो तो येथेच.

३. चालीचा आराखडा. ओहोटीपूर्वी दोन तास व नंतर दोन तास ओली, घट्ट वाळू चालण्यास उत्तम. तृतीया ते पंचमी या तिथींस हा काळ सकाळी येतो. उन्हाचा त्रासही कमी. हरिहरेश्वराचा खडकातील प्रदक्षिणामार्ग ओहोटीतच चालण्याजोगा असतो, हे उदाहरण द्यावे. तेथून दक्षिणेस जाताना सावित्रीची खाडी आडवी येते. ती बागमांडला येथून वेसवीस फेरीबोटीने ओलांडतात. खाडी उथळ दिसली तरी पायी उतरू नये. अशा खाड्या नकाशावर मुलांकडून शोधून घ्याव्यात.

४. मुक्काम. शेवाळ, शिंपले व काटक्यांची ओळ ही भरतीची खूण होय. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने पाणी कमी चढते. म्हणून अष्टमीची ताजी ओळ पाहून तंबू ठोकू नये. तिच्या वरची जुनी, सुकलेली ओळ शोधावी व तिच्याही वर जागा घ्यावी. ग्रामपंचायतीची व जागेच्या मालकाची अनुमती आधी घ्यावी. विहिरीचे पाणी विचारून भरावे. मंडणगड तालुक्यातील वेळाससारख्या किनाऱ्यांवर कासवे अंडी घालतात. तेथे पुळणीवर शेकोटी वा दिवा नको, कारण उजेडाने पिल्ले समुद्राची दिशा चुकतात. केरकचरा परत न्यावा.

५. शिस्त. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. वरवर शांत दिसणारे पाणी विश्वासास पात्र नसते, हे शिक्षकाने कधीही विसरू नये. पालकांची लेखी संमती घ्यावी. दर तासास पट मोजावा. एक शिक्षक पुढे व एक मागे चालावा. स्थानिक माणूस सोबत असावा, आणि त्याने थांबा म्हटले की थांबावे. पोहण्यासाठी कोणासही पाण्यात उतरू देऊ नये. वेळ चुकली तर सोंडेला वळसा घालण्याचा मोह टाळून वरच्या रस्त्याने जावे. उशीर झाला तरी चालेल.

ज्या शाळांना समुद्र दूर आहे, त्यांनीही हा पाठ वगळू नये. सहलीच्या निमित्ताने किनारा प्रथमच पाहणाऱ्या मुलास या ज्ञानाची गरज अधिक असते.

सरावासाठी प्रश्न

१. वद्य षष्ठीस पूर्ण भरती व ओहोटी केव्हा?
२. एकादशीस सकाळी आठ वाजता पुळणीवरून निघणे योग्य की अयोग्य? कारण द्या.
३. सप्तमीस ठोकलेला तंबू त्याच जागी पौर्णिमेपर्यंत ठेवता येईल काय?