शस्त्राआधी शिवार



इंग्लंडमधील धान्याच्या शेतावर कामास लागलेल्या तरुणाकडे ससे आणि रानकबुतरे यांच्या बंदोबस्ताची जबाबदारी आली, की तो बहुधा आधी बंदुकीचे दुकान गाठतो आणि तेथेच त्याची निवड चुकते. निवडीचा योग्य क्रम याच्या उलट आहे. आधी शिवार हिंडून पाहावे, कोणते जनावर कोणत्या वेळी आणि किती अंतरावर दिसते हे ध्यानी घ्यावे, त्या अंतरावर आपला नेम खात्रीने बसतो का हे कागदाच्या लक्ष्यावर तपासावे आणि मगच शस्त्राचा विचार करावा. जनावर जागच्या जागी मरते की नाही, हीच या कामाची खरी कसोटी आहे. जखमी होऊन बिळात शिरलेला ससा तडफडत राहतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचून त्याचे हाल संपवणेही मग कोणाच्या हाती उरत नाही.

कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक लहानपणापासून पाहिलेल्या तरुणाने तो अनुभव इंग्लंडमध्ये जसाच्या तसा लावू नये. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने रानससाही संरक्षित आहे. ब्रिटनमध्ये मात्र ससा पिकाचा शत्रू मानला जातो आणि १८८० च्या ग्राउंड गेम कायद्याने जमीन कसणाऱ्याला तो मारण्याचा हक्क दिलेला आहे. रानकबुतराची गोष्ट वेगळी आहे. १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने तेथील वन्य पक्ष्यांना सरसकट संरक्षण असून, पिकाचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी ‘सर्वसाधारण परवाना’ म्हणजे वेगळा अर्ज न करता, पण लेखी अटींवर मिळणारी मुभा जाहीर केली जाते. त्या अटी वाचल्याशिवाय कबुतरावर बार काढू नये.

सशासाठी पहिले शस्त्र म्हणून हवेची रायफल घ्यावी, हे निःसंकोचपणे सांगावेसे वाटते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १६ जूल ऊर्जेच्या, हवेच्या रायफलीला प्रौढ व्यक्तीस पोलिसांचे प्रमाणपत्र लागत नाही. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरपासून ते लागते, म्हणून सीमेपलीकडे जाताना हा फरक विसरू नये. या रायफलींचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकीत नळी मोडून घट्ट स्प्रिंग दाबली जाते आणि चाप ओढताच ती सुटून दट्ट्या हवा ढकलतो. दुसरीत आधीच भरून ठेवलेली दाबाची हवा ठरावीक मात्रेने सुटते. पहिली स्वस्त आणि कुठेही चालणारी असली तरी छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच ती पुढेमागे हिसका देते, त्यामुळे ती आवळून न धरता सैल, पण दर वेळी अगदी एकसारखी धरावी लागते. दुसरीला हिसका जवळजवळ नसतो, मात्र हवेची बाटली किंवा पंप सोबत बाळगावा लागतो.

४.५ मिलिमीटरचा छर्रा घ्यावा की ५.५ चा, या वादात नवशिके फार वेळ दवडतात. त्या १२ फूट-पौंड ऊर्जेने ४.५ चा हलका छर्रा सेकंदाला सुमारे २४० मीटर, तर ५.५ चा जड छर्रा सुमारे १७५ मीटर वेगाने सुटतो, म्हणून पहिल्याची वाट अधिक सपाट असते आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फारसा ढळत नाही. नवशिक्याला तोच बरा. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसवलेली असल्याने ३० मीटरवर जुळवलेली रायफल ८ मीटरवर मात्र दोनेक सेंटिमीटर खाली मारते, आणि सशाच्या डोक्यात छर्रा बसण्याजोगी जागा जेमतेम तेवढीच असल्यामुळे जवळचा ससा चुकण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. प्रत्येक पाच मीटरवर कागद लावून छर्रा कुठे पडतो ते टिपून ठेवावे, आणि ३० मीटरपलीकडे चाप ओढू नये.

दारूच्या काडतुसाची .२२ रायफल याहून लांब, ७०-८० मीटरपर्यंत, काम करते. पण तिला पोलिसांचे प्रमाणपत्र, सबळ कारण आणि ठरलेली जमीन दाखवावी लागते. तिची गोळी दीड किलोमीटरहूनही दूर जाऊ शकते आणि दगडावर किंवा ओल्या जमिनीवर आपटून भलतीकडे उसळते, म्हणून मागे मातीचा उतार नसेल तेथे ती वापरूच नये. सपाट शेतावर वर्षभर तिच्याविना राहिलेले चांगले.

उडत्या कबुतरासाठी छर्ऱ्यांची दुनळी बंदूकच हवी. ‘१२ बोअर’ म्हणजे नळीच्या व्यासाएवढ्या बारा शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते ती नळी, सुमारे १८.५ मिलिमीटरची. नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या किंचित आवळपणाला चोक म्हणतात, आणि छर्ऱ्यांचा झोत किती पसरायचा हे त्यावर ठरते. पिकावर उतरणारी कबुतरे नकली कबुतरांच्या ओढीने २५-३० मीटरवर येतात, तेव्हा पाव आणि अर्धा असे दोन चोक पुरेत; पूर्ण चोकाचा हव्यास धरू नये. शिशाऐवजी पोलादी छर्रे वापरायचे असतील तर पोलाद हलके असल्यामुळे दोन आकार मोठे छर्रे, म्हणजे सहा नंबरच्या जागी चार नंबर, घ्यावे, आणि जुनी बंदूक त्यासाठी योग्य आहे का हे जाणत्या कारागिराला दाखवूनच ठरवावे. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांचे शिक्के नळीवर असतात, ते पाहिल्याखेरीज जुनी बंदूक विकत घेऊ नये.

दस्त्यावर कोरीव काम असलेल्या बंदुकीपेक्षा खांद्याला नीट बसणारी साधी बंदूक मोलाची. दस्ता लांब असेल तर तो कोटात अडकतो, आखूड असेल तर अंगठा नाकावर आपटतो. कोणता डोळा प्रबळ आहे हेही खरेदीआधी पाहावे: दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबाकडे बोट रोखावे आणि एकेक डोळा मिटावा, ज्याच्या मिटण्याने बोट बाजूला सरकते तो प्रबळ. उरलेले पैसे कानांच्या संरक्षणावर, भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी कपाटावर आणि मुख्य म्हणजे सरावाच्या काडतुसांवर खर्चावे. कपाटाची किल्ली कोठे आहे हे परवानाधारकाखेरीज घरात कोणालाही ठाऊक नसावे.