गोव्याचं तिकीट जरा थांबव

अगं, काल कात्रपच्या रिक्षा स्टँडवर तू घाईघाईत सांगितलंस, ते रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. गोव्यात तीन दिवस, कुणा गुरूकडे मशरूम घ्यायचं, आणि म्हणे पिढ्यान्‌पिढ्यांचं दुखणं धुऊन निघतं! रागावले नाहीये, पण ऐक.

दुखणं खोटं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. तुमच्या दाराची कडी मी पाहिलीय. दिवेलागणीला ती लागली नाही की तुझे पप्पा कासावीस होतात, आणि तू रात्री दोनदा उठून तीच चाचपतेस. फाळणीनंतर दादी कराचीहून बोटीने आल्या, कल्याणच्या लष्करी छावणीत वाढल्या. त्या छावणीचं 1949 मध्ये उल्हासनगर झालं. कडी तिथूनच आलीय. न्यूयॉर्कच्या रेचल येहुदांना नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलांमध्येही ताणाच्या जैविक खुणा दिसल्या. अभ्यास लहान होता, तेव्हा 'रक्तातच आहे' असं धरून बसू नकोस. भीती शिकवूनही येते, रोज संध्याकाळी.

याच येहुदा आता सायकेडेलिक उपचारांवर संशोधन करतात, म्हणजे विषय थिल्लर नाही. ऑस्ट्रेलियात जुलै 2023 पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञ आघातासाठी एमडीएमए आणि नैराश्यासाठी मशरूममधलं सिलोसायबिन देऊ शकतात. अमेरिकेने 2024 मध्ये उपचार म्हणून एमडीएमएला नकार दिला. आपल्याकडे दोन्ही 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात येतात. आणि चाचण्यांत औषध दोन-तीनदाच. आधी आणि नंतर आठवडेच्या आठवडे थेरपिस्टशी बोलणं. तुझा तो गोवेकर गुरू सोमवारी फोन तरी उचलणार आहे का?

शिवाय, पप्पांसमोर काढू नकोस, पण तुझ्या काकांना भास व्हायचे. जवळच्या नात्यात असा आजार असला तर अशा चाचण्यांत सहसा घेतच नाहीत. त्या गुरूने विचारलं तुला?

थेरपी हवीच, तर ठाण्याला आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, लोकलने जाता येतं. रात्री फारच झालं तर टेलिमानस हेल्पलाइनचा 14416, फुकट आहे.

रविवारी उल्हासनगरला, कॅम्प तीनला दादींकडे जाणार असशील तर मीही येते. कराचीचं घर सोडताना कडी कोणी लावली, एवढंच दादींना विचारू. तू त्यांच्या उजवीकडे बस, डाव्या कानाने ऐकू येत नाही.