अमेरिकेचा फोन: अनलॉक फुकट, हप्ते महाग

अमेरिकेतला भाचा ‘येताना तुला आयफोन आणतो’ म्हणाला, की किंमत नंतर विचारा. आधी विचारा, पूर्ण पैसे भरून अनलॉक्ड घेतोयस की मोबाइल कंपनीच्या हप्त्यांवर? हप्त्यांवरचा फोन बहुधा त्या कंपनीला बांधलेला असतो. त्यात जिओ-एअरटेल टाकलं की ‘सिम नॉट सपोर्टेड’. मग वाय-फायवर फोटो बघत बसा.

अनलॉकचं अधिकृत शुल्क शून्य. एटी अँड टी किंवा टी-मोबाइल त्याचे पैसे मागत नाहीत. पण हप्ते फिटलेले हवेत आणि फोन त्यांच्या नेटवर्कवर काही दिवस चाललेला हवा. एटी अँड टीच्या पोस्टपेडला ६० दिवस, टी-मोबाइलच्या पोस्टपेडला ४०. टी-मोबाइलच्या प्रीपेडला मात्र ३६५, म्हणून स्वस्त प्रीपेड फोनच्या नादी लागू नये.

पैसे जातात ते हप्त्यांत. समजा फोन ७२० डॉलरचा, ३६ हप्ते, महिना २० डॉलर. दहा महिन्यांनी भाचा कायमचा परतला, तर उरलेले ५२० डॉलर भरल्याशिवाय अनलॉक नाही. ‘फोन फुकट’ योजनेत तर आणखी मेख आहे: फोन फुकट नसतोच, दरमहा २० डॉलर बिलातून वजा होत असतात. लाइन बंद केली की ती सवलत थांबते आणि ५२० डॉलर त्याच्याच बोकांडी बसतात.

हप्ते फिटले असतील तर काम तिथेच उरकून घ्यावं. *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक मिळतो, तो घालून कंपनीच्या साइटवर अर्ज करायचा. एटी अँड टीचा ईमेल आला की त्यातली लिंक २४ तासांत दाबावी लागते, नाहीतर अर्ज पुन्हा. बॅगा भरण्याच्या गडबडीत नेमकं हेच राहतं.

इथे सेकंडहँड आयफोन घेताना सेटिंग्ज, जनरल, अबाउट उघडून ‘कॅरिअर लॉक’ बघा. ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं तरच भाव करा. ‘चिप लावून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार: लॉक तसाच राहतो आणि एखाद्या अपडेटनंतर नेटवर्क पुन्हा गायब होऊ शकतं. शिवाय आयफोन १४पासून अमेरिकी आयफोनला सिमचा खाचाच नाही, चिप लावणार कुठे? त्यात ई-सिम लागतं. जिओ, एअरटेल आणि व्ही तिघंही देतात.

मावशी कॅनडात किंवा ब्रिटनमध्ये असेल तर नव्या फोनची ही कटकट नाही. लॉक केलेले फोन विकायला कॅनडात डिसेंबर २०१७पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१पासून कंपन्यांना बंदी आहे.