उजव्या पायाबद्दल

कोल्हापूर

चि. बंड्या,


तुझा व्हिडिओ आईने मला पाठवला. सोबत एवढंच लिहिलं होतं, "दादा, तू बोल याच्याशी." रात्री गॅरेजचं शटर ओढल्यावर मी तो लावला आणि मग पुन्हा पुन्हा लावत बसलो. सहा सेकंद तू मागच्या चाकावर आहेस. पहिल्या खेपेला सगळे बघतात तसं मीही वर उचललेलं चाक बघितलं. नंतर मात्र नजर तुझ्या उजव्या पायावरून हलेना. टाच फूटरेस्टवर टेकलेली, चवडा बाहेर वळलेला, आणि ब्रेकचं पेडल त्याच्यापासून चांगलं चार बोटं लांब. त्या सहा सेकंदांत पाय एकदाही पेडलकडे गेला नाही.

म्हणजे गाडी खाली आणायचा उपायच तू सोबत नेला नव्हतास. रेस सोडलीस आणि चाक खाली आलं, कारण ते अजून पुरेसं वर गेलं नव्हतं. आणखी थोडं वर गेलं असतं तर रेस सोडून काही झालं नसतं.

व्हीली करू नकोस असं मी लिहिणार नाही. वीस वर्षांच्या मुलाला नको म्हटलं की तो ते आपल्या नजरेआड जाऊन करतो, हे मी स्वतः वीस वर्षांचा असताना करून चुकलोय. तुला ही विद्या शिकायचीच असेल तर नीट शीक, क्रमाने शीक. या विद्येची सुरुवात चाक उचलण्यापासून होत नाही. ती मागच्या ब्रेकपासून होते.

आधी गाडीचं म्हणणं समजून घे. तुझं आणि गाडीचं मिळून जे वजन, त्याचा मध्य कुठेतरी तुझ्या गुडघ्यांच्या आसपास असतो. पुढचं चाक जसं वर जातं तसा हा मध्य मागे सरकतो. मागचा टायर जमिनीला जिथे टेकतो त्या जागेच्या बरोबर वर तो आला की गाडी तोलात येते, आणि तिला वर ठेवायला इंजिनाचा जोर लागत नाही. त्याच्या अलीकडे आहेस तोवर गाडीला सतत पुढे ओढत राहावं लागतं, म्हणून वेग वाढतच जातो. शेवटी इंजिनाचा दम संपतो किंवा रेस सोडावी लागते आणि चाक धाडकन आपटतं. तुझं नेमकं हेच झालं, व्हिडिओच्या शेवटी हँडल कसं थरथरलं ते बघ. आणि तोलाच्या पलीकडे गेलास की तुझंच वजन तुला मागे ओढू लागतं. तिथे रेस बंद करून भागत नाही. तिथे फक्त मागचा ब्रेक ऐकतो. तो दाबला की मागचं चाक अडतं, वरचा भार पुढे झुकतो आणि नाक खाली येतं. ज्याचा पाय पेडलवर आहे त्याच्यासाठी तोलाची जागा ही खेळायची जागा असते. ज्याचा नाही, त्याच्यासाठी तो कडा.

तू आईला म्हणालास म्हणे, की लांब व्हीलीला दमदार गाडी लागते, म्हणून तू ड्यूक घेतलीस. तसं नाही. १९९१ साली जपानच्या यासुयुकी कुदोने न थांबता ३३१ किलोमीटर व्हीली केली, ती होंडाच्या टीएलएम २२० आर या गाडीवर. ती ट्रायल्सची गाडी, हलकी, कमी वेगात दगडगोट्यांवरून चढायला बनवलेली. त्याच्या आधी १९८४ साली अमेरिकेच्या डग डोमोकॉसने टॅलाडेगाच्या ट्रॅकवर १४५ मैल, म्हणजे २३३ किलोमीटर, एका चाकावर काढले होते. इतका वेळ नुसत्या जोरावर कुणी टिकत नाही, तोलाच्या जागी बसता यावं लागतं. आणि दोघांनीही हे केलं ते बंद ट्रॅकवर, जिथे समोरून कुणी येणार नव्हतं.

आता माझी गोष्ट. तुझ्या आईला ती अर्धीच माहीत आहे.

१९९३ साल, मी एकोणीस वर्षांचा. गाडी चालवायला शिकलो ती तुझ्या आजोबांच्या बुलेटवर. त्या काळच्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असायचा. चार वर्षं मी तीच चालवली. मग हट्टाने आरएक्स १०० घेतली. वजनाला हलकी, रेस दिली की पुढून उडणारी. तिचा ब्रेक उजव्या पायात. डोक्याला हे माहीत होतं, पायांना नव्हतं. साध्या चालवण्यात ते कळत नाही, कारण विचार करायला वेळ असतो.

गळिताचा हंगाम होता, पहाटेची वेळ. रस्ता मोकळा दिसला म्हणून क्लच सोडला आणि चाक उचललं. दोन वेळा छान झालं. तिसऱ्या वेळी चाक माझ्या अंदाजापेक्षा वर गेलं, आभाळ दिसलं, आणि मी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. डाव्या पायाने. तिथे गिअर होता. मागचा दिवा रस्त्याला घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी पाठीवर पडलो, उजवा हात मागे टेकला म्हणून मनगट मोडलं, आणि माकडहाडाला जे लागलं ते थंडीत आजही ठणकतं.

एवढं तुझ्या आईला माहीत आहे. पुढचं असं, की मी पडलो पण गाडी पडली नाही. स्वार उतरला की हलकी झालेली गाडी सरळ पुढे पळते. ती पळाली आणि उसाच्या बैलगाडीच्या डाव्या बैलाच्या मागच्या पायात शिरली. बैल बसला. गाडीवान खाली उतरला आणि मला एक शब्द बोलला नाही. बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला.

तो बैल त्या हंगामात परत जुंपला गेला नाही. आजोबांनी त्या शेतकऱ्याला दुसरा बैल भाड्याने घेऊन दिला. मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर दर रविवारी मला त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात पाठवलं, वैरण कापायला. चार महिने मी गेलो. बैल लंगडतच उठायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तुलाच पहिल्यांदा लिहितोय.

म्हणून पुण्यात नऱ्ह्याच्या ज्या सर्व्हिस रोडवर तू हे केलंस, त्याबद्दल मी तुझ्यावर खरंच रागावलोय. व्हिडिओच्या डाव्या कोपऱ्यात चौथ्या सेकंदाला एक बाई आहे, हातात कापडी पिशवी, बहुधा डबा. तू जवळ येतोस तशी ती एक पाऊल मागे घेते आणि भिंतीला लागते. तुला ती दिसलीच नाही, कारण चाक वर असताना समोरचा रस्ता टाकी आणि हँडलमागे झाकला जातो. धोकादायकपणे वाहन चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्यात कलम १८४ आहे, तुरुंगवासाचीही तरतूद आहे त्यात. पण तो कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं. तुझ्या हाडांचा धोका तू पत्करलास, त्या बाईने काही पत्करलं नव्हतं. रस्त्यावर परत चाक उचलणार नाहीस, हे मला फोनवर तुझ्या तोंडून ऐकायचंय. पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, फक्त एकदाच, यातलं काही चालणार नाही. माझाही रस्ता पहाटेचा आणि रिकामाच होता.

शिकायचं कसं ते सांगतो. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत माझ्या ओळखीच्या एकाचा कारखाना बंद आहे. आत लांबच लांब काँक्रीटचं आवार आहे, चारी बाजूंनी भिंत, फाटकाला कुलूप. मालकाला विचारून ठेवलंय. आवाराला एका बाजूला बारीक चढ आहे, तो आपल्या कामाचा. चढावर चाक कमी रेसमध्ये उचलतं आणि वेगही आवरलेला राहतो.

ड्यूक आणायची नाही. माझ्याकडे ताडपत्रीखाली जुनी पल्सर १५० आहे, ती घेऊ. तिला एबीएस नाही, हे बरंच आहे. पुढचं चाक हवेत मंदावतं आणि मागचं फिरत असतं, त्या फरकाने काही गाड्यांचं एबीएस गोंधळतं आणि ऐन वेळी मागचा ब्रेक सैल सोडतं. शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेक दाबला तेवढाच लागला पाहिजे.

पहिले दोन दिवस चाक उचलायचं नाही. पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसापेक्षा थोडं जोरात, आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. चवडा पेडलवर, टाच फूटरेस्टवर. मी टाळी वाजवली की दाबायचं. कधी मी लगेच वाजवीन, कधी बराच वेळ नाही. तुला कंटाळा येईल. कंटाळा आला तरी पाय चुकत नाही असं झालं की तिसऱ्या दिवशी चाक उचलू, तेही वीतभर. वीतभर उचललं की लगेच ब्रेक. उचल, दाब. उचल, दाब. किती वर गेलं ते मी बघणारच नाही, पाय किती लवकर गेला ते बघीन. शंभर वेळा झालं की मग हातभर.

हँडल ओढायचं नाही. हाताने ओढून चाक उचलणारा वाकडा उचलतो आणि वाकडाच आपटतो. रेस थोडी वाढवून क्लच सोडायचा, काम इंजिनाला करू द्यायचं. खाली येताना हँडल सरळ, रेस अगदी किंचित चालू, म्हणजे चाक अलगद टेकतं. पुढचा ब्रेक चाक टेकेपर्यंत विसरायचा. हवेत धरला तर चाक थांबतं आणि थांबलेलं चाक जमिनीला लागलं की हँडल हातातून निसटतं. आणि पलटी होतेय असं वाटलं तर गाडीला चिकटून राहायचं नाही. आपला वेग चालण्याइतकाच असेल, तेव्हा हात सोडून मागे पायांवर उतरायचं. गाडीचं काय होईल याचा विचार त्या क्षणी करायचा नाही, गाडी मी दुरुस्त करतो. तिच्या किल-स्विचला दोरी लावून दुसरं टोक तुझ्या मनगटाला बांधणार आहे. तू उतरलास की इंजिन बंद. १९९३ साली ही एक दोरी असती तर तो बैल वाचला असता.

वीस मिनिटं झाली की थांबायचं. क्लच ओढून ओढून डावा हात भरून येतो आणि भरलेल्या हाताने क्लच झटक्यात सुटतो. तुझं मन म्हणेल, आता कुठे जमायला लागलंय. तेव्हाच उतरायचं.

मित्रांना आणलंस तर त्यांनी भिंतीलगत, बाजूला उभं राहायचं. समोर उभं राहून व्हिडिओ काढणारा मला आवारात नको आहे. बिनस्वाराची गाडी कुठे जाते ते वर लिहिलंय.

गाडीचं मी बघून घेईन, पण तुलाही कळायला हवं म्हणून लिहितो. रोज सुरू करण्याआधी ऑइल काचेत बघायचं, वरच्या खुणेला भिडलेलं हवं. गाडी उभी झाली की सगळं ऑइल मागे जातं आणि कमी असेल तर पंपाला हवाच मिळते. चेन मापात हवी. सैल चेन झटका देते आणि तो झटका थेट तोलावर बसतो. चाक वरचेवर आपटलं की आधी हँडलचा कोनसेट जातो. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरव, मधोमध कुठे अडकल्यासारखं लागलं तर कोनसेट गेला समज. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओला गोल दिसला तर सील फाटलंय. तुझ्या ड्यूकचं हे सगळं आजच बघ. मला शंका आहे, सील फाटलं असणार.

हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं, आयएसआय मार्कचं. कोपर, गुडघे यांचे पॅड मी घेऊन ठेवतो. पाठीचा पॅड मात्र तू पुण्यात बघ, माकडहाडापर्यंत येणारा. मी त्याबाबतीत हट्टी का आहे ते तुला आता कळलंच असेल.

मी तुला शिकवीन ते हातभर चाकापर्यंत. त्यापुढचं माझ्याच्याने होणार नाही. कर्नाटकात कोलारजवळ सी. एस. संतोषचं बिग रॉक डर्ट पार्क आहे. २०१५ साली डकार रॅली पूर्ण करणारा तो पहिला भारतीय. तिथे मातीत गाडी हाताळायला शिकवतात. तुझा पाय तयार झाला असं मला वाटलं की तिथल्या शिक्षणाचे पैसे मी भरीन. तुझ्या आईशी मी बोललो आहे. ती रडली, पण नाही म्हणाली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ये. घोटा झाकणारे, जाड तळाचे बूट लागतील. ते आत्ताच घे आणि घालून मऊ करून ठेव, कोरे बूट पायाला काही कळू देत नाहीत. घेतलेस की बुटाचा नंबर आणि तळाची जाडी मला कळव. पल्सरचं ब्रेक पेडल त्या मापाने वर घ्यायचंय.

तुझा
मामा