वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता

आपल्याकडील मैफलीत गायक हाच गायनाचा नियंता असतो. साथीदार त्याच्या अनुरोधाने वाजवितात. पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंदात मात्र शंभरएक वादक असतात आणि प्रत्येकापुढे केवळ स्वतःच्या वाद्याची स्वरलिपी असते. संपूर्ण रचना ज्याच्या डोळ्यांपुढे असते, असा एकटा संचालकच होय. लय, स्वरांचा उठाव व वाद्यांमधील तोल यांचा निर्णय त्याने करावयाचा असतो.

या कलेत जागतिक कीर्ती मिळविणारे झुबिन मेहता यांचा जन्म 29 एप्रिल 1936 रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली होती. वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडून झुबिन 1954 मध्ये व्हिएन्नाला गेले. तेथे हान्स स्वारोव्हस्की हे त्यांचे गुरू होते. थोर संचालकांच्या तालमी पाहण्यास विद्यार्थ्यांना मज्जाव असे. म्हणून झुबिन आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउदिओ आबादो यांनी तेथील गायकवृंदातच प्रवेश मिळविला! अशा प्रकारे संचालकाचा हात कसा बोलतो, हे ते गाता गाता शिकले.

1958 मध्ये लिव्हरपूल येथील स्पर्धेत त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी लॉस एंजेलिस (1962–78) व न्यूयॉर्क (1978–91) येथील वाद्यवृंदांची धुरा वाहिली. इस्राएल फिलहार्मोनिकशी त्यांचे नाते तर पन्नास वर्षांचे. तेथून ते 2019 मध्ये निवृत्त झाले. फ्लॉरेन्स आणि म्यूनिक येथे त्यांनी ऑपेराही समर्थपणे सांभाळला. ऑपेरात वाद्यवृंद रंगमंचापुढील खोलगट जागेत बसतो. अभिनय करीत गाणाऱ्या नटाचा श्वास कोठे तुटेल, हे ओळखून संचालकाला वाद्ये आवरावी लागतात. समूहगानात तर शेकडो कंठांतून शब्दाचे एकेक व्यंजन एकाच क्षणी उमटावे लागते.

या तिन्ही विद्यांची खरी कसोटी 1994 च्या जूनमध्ये लागली. बोस्नियाची राजधानी सारायेव्हो त्या वेळी वेढ्यात होती. ऑगस्ट 1992 मध्ये तोफांच्या माऱ्याने जळालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भग्न वास्तूत मेहतांनी मोझार्टच्या 'रेक्विएम'चे संचालन केले. ही मृतांच्या सद्गतीसाठी केलेली प्रार्थना होय. मोझार्टच्या मृत्यूमुळे ती 1791 मध्ये अपुरी राहिली होती. होझे कारेरास यांच्यासारखे ऑपेरागायक बाहेरून आले होते. परंतु वाद्यवृंद व गायकवृंद त्याच शहरातील होते आणि युद्धात त्यांनी आपले सहकारी गमावले होते.

त्या प्रयोगाने वेढा उठला नाही. तो 1996 पर्यंत चालूच राहिला. तथापि, जेथे माणसे एकत्र जमणे हेच धोक्याचे झाले होते, तेथे गायक-वादक त्या दिवशी एका हाताच्या इशाऱ्यावर एकत्र श्वास घेत होते. संचालकाच्या कलेचे मर्म यातच सामावलेले आहे.