बैल बुजला तर ट्रक थांबवता येतो?

प्रश्न : हळद घेऊन बैलगाडीने हिंगोलीच्या मोंढ्याकडे जाताना मागून हॉर्न वाजला की बैल बुजतात. हात केला तरी कोणी थांबत नाही. कायदा काय सांगतो?
– एक शेतकरी, औंढा नागनाथ तालुका

उत्तर : कायदा तुमच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 132 वाचा. जनावर बुजून आवरेनासं होईल अशी भीती वाटून त्याच्या राखणदाराने सांगितलं, तर चालकाला गाडी उभी करावीच लागते. गरजेपुरती, पण कमाल मर्यादा चक्क 24 तासांची! लोक हसतात. मला मात्र हे कलम फार शहाणपणाचं वाटतं, कारण उधळलेली जोडी रस्त्यावर आडवी आली की मागच्या दुचाकीवाल्याचाही जीव जातो. गाडी लांब असतानाच हात करा, कासरा आखडून धरा.

जबाबदारी तुमच्यावरही आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 99 नुसार रस्त्यावर जनावर किंवा गाडी बेवारस सोडणं गुन्हा आहे.

कलम 132 हूनही गमतीचं आहे मोटार वाहन कायद्याचंच कलम 131 : फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर गाडी थांबवून वाहकाने किंवा गाडीतल्या दुसऱ्या कोणी, कोणीच नसेल तर चालकानेच, खाली उतरून रुळांपर्यंत चालत जायचं आणि रेल्वे येत नाही ना, हे पाहायचं.